रोहूच्या खवल्याचा खडा

मनसारामला स्मशानात पोचवून माणसं परत आली, हातपाय धुऊन अंगणात बसली, आणि सुगंधाबाईनं पितळेच्या वाटीत विहिरीचं पाणी घेऊन भावाची अंगठी त्यात सोडली. वाटी देवळीत ठेवली, वर झाकण घातलं.

"जीव असन त येईल परत," ती म्हणाली.

ढिवराच्या घरात हे कुणाला उलगडून सांगावं लागत नाही. जाळ्यातून निघालेली मासोळी निपचित पडली, तर ती मेली की नुसती थकली हे पाहायला तिला पाणी दाखवतात. जीव असेल तर कल्ला हलतो. नसेल तर पोट वर येतं. सुगंधाबाईच्या सत्तर वर्षांत ही परीक्षा कधी खोटी ठरली नव्हती. मनसारामच्या चांदीच्या अंगठीतला ओपल दिवाळीपर्यंत हिरवा, तांबडा, जांभळा असा पेटत होता. आता तो काचेच्या मण्यासारखा आरपार झाला होता. मागची चांदी दिसत होती. सुगंधाबाईनं त्यालाही तीच परीक्षा लावली.

अंगठी बोटातून सहजी निघाली नव्हती. मनसारामच्या मुलानं, हेमराजनं, बापाच्या फुगलेल्या बोटाला दोरा गुंडाळून, एकेक वेढा सोडत ती बाहेर काढली होती. मेल्यावर अंग फुगतंच, असं सगळ्यांनी धरलं. खडा पाहून मात्र हेमराज थबकला. बहीण जया तासाभरापूर्वीच चंद्रपूरहून पोचून बापाच्या उशाशी बसली होती. त्यानं अंगठी तिच्याकडे वळवली.

"बाई, याच्यातला उजेड गेला," तो म्हणाला.

हळूच म्हणाला. पण शेजारी बसलेल्या दोन बायकांनी ऐकलं, आणि मयत उठायच्या आत ते मोहटोल्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. अंगठी जयानं दिली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मनसारामनंच बोट नाचवत सगळ्यांना दाखवलं होतं.

ते असं झालं होतं. मागच्या उन्हाळ्यात जयानं बापाला चंद्रपूरला नेऊन त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तरी तो तलावावर जायचा. मासोळी हातानं ओळखतो, डोळ्याचं काय काम, म्हणायचा. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी दोघं बाजारातून चालत बसस्टँडकडे निघाली होती. मनसाराम दर दहा पावलांवर थांबत होता. टपरीवरचे चिप्सचे पुडे, बाईच्या डोक्यातला गजरा, रिक्षावरची नक्षी, सगळंच त्याला नवं होतं. एका सोनाराच्या काचेपाशी तो थांबला तो हलेचना.

"जया, पाह्य पाह्य. जित्या रोहूचं खवलं."

मखमलीवर एक वाटोळा पांढरा खडा होता. मान जरा हलवली की त्याच्या आतून हिरवी ठिणगी उठायची, मग तांबडी. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या रोहूच्या अंगावर ऊन पडलं की क्षणभर असाच रंग येतो, आणि ती तडफडायची थांबली की जातो. हा रंग त्याला सहा वर्षांत दिसला नव्हता.

"हा कधीचा असाच राह्यते का हो भाऊ?" त्यानं दुकानदाराला विचारलं. "मासोळीचा त जाते."

"याचा नाही जात," दुकानदार हसून म्हणाला. मग जयाकडे वळून, "रास कोणती साहेबांची? शुक्राचा खडा आहे."

"रास नको," जया म्हणाली. "त्यांना आवडलाय, एवढं बस आहे."

जया एका कॉलेजात ग्रंथपाल होती. वय चाळीस, लग्न न करता राहिलेली, आणि हाताला लागेल ते वाचत आलेली. बापाच्या बोटात खडा पाहून ती त्या संध्याकाळी खूश होती. एवढीच त्या अंगठीची जन्मकथा होती. पण तिसऱ्या दिवसापर्यंत गावानं तिची दुसरीच कथा केली. लेकीनं खडा दिला, खड्यानं बाप खाल्ला, आणि पोट भरल्यावर डोळा मिटला.

गावानं काय म्हणावं याची जयाला फारशी फिकीर नव्हती. तिला घोर होता तो आईचा.

गोकुळाबाई काही म्हणाली नव्हती. पण तिसऱ्या दिवसापासून ती पाणी प्यायची ते सुनेच्या, दिव्यानीच्या हातचं. जया पेला पुढे करायची, गोकुळाबाई तो घेऊन बाजूला ठेवायची. दुपारी पाहावं तर भरलेला पेला तसाच, पाण्यावर एक पाकोळी पडलेली. जयानं तेलाची वाटी घेऊन केस विंचरायला मागे बसावं, तर आई पदर डोक्यावर ओढून उठायची. रागानं नाही. उन्हातून सावलीत सरकावं तशी.

दसव्याला, म्हणजे दहाव्या दिवशी, मार्कंड्याला जाऊन अस्थी वैनगंगेत सोडायच्या होत्या. अंगठीही त्यांच्यासोबत सोडायची, असं सुगंधाबाईनं ठरवलं होतं, आणि त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं. जयाला स्पष्ट दिसत होतं की अंगठी नदीत गेल्यानं गोष्ट संपणार नाही. ती पक्की होईल. मग आईला जन्मभर दोन गोष्टी एकत्र आठवतील, नवरा गेला आणि लेकीची अंगठी बुडवावी लागली. तिच्या हातचं पाणी त्यानंतर ती कधी पिणार?

रोज सकाळी सुगंधाबाई झाकण उचलून वाटीत पाहायची. खडा तळाशी असायचा, पाण्यात पाणी होऊन. ती जीभ टाळ्याला लावून च् करायची आणि झाकण ठेवायची.

पाचव्या दिवशी भैयाजी बसायला आले. शेजारच्या गावचे. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्यांचं खड्यांचं दुकान लागायचं, आणि बाकीचं वर्षभर ते पंचक्रोशीच्या पत्रिका पाहायचे. दोन्ही हातांत मिळून चार अंगठ्या. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी वाटी मागवली, डोळ्याजवळ नेली आणि परत दिली.

"मले विचारलं असतं त मी नाईच म्हटलं असतं. मनसारामभाऊची सिंह रास. सिंहेचा मालक सूर्य. सूर्याचं अन् शुक्राचं पटत नाई. दुश्मनाले घरात आणून बसवलं न तुम्ही, बाई."

"सिंह रास कशावरून?" जयानं विचारलं. "आमच्या आजीला बाबांची जन्मतारीखच ठाऊक नव्हती. आधारकार्डावर एक जानेवारी लिहून दिलीय."

"नावावरून. म, मा, मी, मू. सिंहच."

"त्यांच्या मच्छीमार संस्थेत अठरा जण आहेत. मधुकर, मारोती, मुखरू. सगळे सिंह?"

"मुखरू त सिंह होयच," भैयाजी म्हणाले, "बायकोपुढं नाई, थे वेगळं."

अंगणात दोघं-तिघं हसले आणि सुतकाचं घर आठवून गप्प झाले. जयालाही हसू आलं. भैयाजींवर राग धरणं कठीण होतं. त्यांनी कधी कुणाला भीती घालून खडा विकला नव्हता. नीलम मागणाऱ्याला ते आधी निळ्या फडक्यात बांधून तीन रात्री उशाशी ठेवायला सांगायचे, आणि वाईट स्वप्न पडलं म्हणाला तर परत घ्यायचे.

"जुन्या काळी परदेशात हा खडा डोळ्यांना चांगला मानायचे," जया म्हणाली. "नंतर तिथल्याच लोकांनी तो अपशकुनी ठरवला. खडा तोच, भैयाजी. तुमच्या बोटांत चार आहेत, तरी श्रावणात तुम्ही मोटारसायकलसकट नाल्यात गेले."

"गेलो न! चार होते म्हणून वाचलो," भैयाजी शांतपणे म्हणाले.

जयानं वाद तिथेच सोडला. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नाही, कारण जे घडतं ते त्याच्याच बाजूनं साक्ष देतं. खड्याचं काय झालं ते खड्यालाच सांगायला लावलं पाहिजे. आणि काहीतरी झालं होतं खरं. रंग गेला होता, हे तिनंही पाहिलं होतं. त्या पहिल्या क्षणी, हेमराजनं अंगठी तिच्याकडे वळवली तेव्हा, तिलाही तो अपशकुनच वाटला होता. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

भैयाजींना फाटकापर्यंत सोडून ती तशीच तलावाच्या पाळीवर गेली. गावात मोबाइलला रेंज मिळते ती तिथेच, मोहाच्या झाडाखाली. शिंगाड्याचा हंगाम सरत आला होता. पाण्यावर वेलांची जाळी पसरली होती, आणि त्यातून तिच्या बापानं शेवटचा आठवडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत छातीभर पाण्यात उभं राहून शिंगाडे तोडले होते. त्याचा डोंगा अजून काठाशी उलटा घातलेला होता.

ती तिकडे पाहत होती, आणि पाहता पाहता तिला दुकानदाराचं एक वाक्य आठवलं. डबी हातात देताना तो म्हणाला होता, "पाण्यापासून जपा, मॅडम." घड्याळ घ्या, चप्पल घ्या, दुकानदार असलं काहीतरी म्हणतातच. ते तिनं बापाला सांगितलंसुद्धा नव्हतं. ढिवराला पाण्यापासून जपायला सांगणार कोण?

तिनं मोबाइल काढला. अर्धा तास वाचलं. एका ठिकाणी वाचलेलं दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहिलं, जशी तिची सवय होती. ओपलमध्ये एक जात असते, आफ्रिकेतून येणारी, जी पाणी पिते. दगडच तो, पण आतून इतका सच्छिद्र की पाण्यात ठेवला तर भिजतो. भिजला की रंग जातो आणि काचेसारखा आरपार होतो. कोरडा ठेवला, सावलीत, घाई न करता, तर काही दिवसांत रंग परत येतो. उन्हात किंवा आगीपाशी वाळवला तर तडकतो.

जया उठली. मरण पावलेल्या खड्याला आत्या पाच दिवस पाणी पाजत होती.

सुगंधाबाई चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होती. जया समोर बसली.

"आत्या, अंगठी पाण्यातून काढा."

"काऊन?"

"तुम्ही पाच दिवस पाण्यात ठेवून पाह्यली. आता दसव्यापर्यंत मी कोरडी ठेवून पाहते."

"मासोळी पाण्याभायेर ठेवून जगते का वो कधी?"

"ही मासोळी नाही. हिचं उलटं आहे. ही पाण्यात मरते."

सुगंधाबाईनं सुपातून मान वर केली. "हे तुले कोण सांगितलं? थ्या मोबाइलनं?"

"हो."

"मोबाइल त असंही सांगते का लिंबाच्या रसानं दमा जाते."

"म्हणूनच पाहू म्हणते. नाही आला रंग, तर दसव्याला मी माझ्या हातानं नदीत टाकीन, सगळ्यांसमोर. अन् जे तुम्ही माझ्या मागे बोलता, ते मग माझ्या तोंडावर बोला. मी ऐकून घेईन."

दाराशी दिव्यानी उभी होती, तिनं नजर खाली घातली. आतल्या खोलीत खाटेवर गोकुळाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती झोपलेली नाही हे तिघींना माहीत होतं.

"अन् आला त?" सुगंधाबाईनं विचारलं.

"आला तर अंगठी नदीत जाणार नाही."

"घे," म्हातारी म्हणाली. "पण माह्या डोयासमोर ठेवशीन. मांगून बदलून आणशीन दुसरी."

"हो. तुम्हीच राखण करा."

जयानं खडा फडक्यानं टिपला आणि ऑपरेशननंतर बापाला मिळालेल्या काळ्या चष्म्याच्या डबीत, कापसावर, झाकण उघडं ठेवून देवळीत ठेवला. सुगंधाबाई देवळीखाली गोधडी अंथरून बसली ती जेवायलाच उठली.

सहाव्या दिवशी काही झालं नाही. सातव्या दिवशी सकाळी झालं ते भलतंच. आरपार असलेला खडा पांढराफटक पडला. चुन्याच्या खड्यासारखा, कसलीही चमक नसलेला.

सुगंधाबाईनं डबी दोन्ही हातांनी धरून अंगणात आणली. तिला आनंद झाला नव्हता, हे जयानं ओळखलं.

"उकडल्या मासोळीचा डोया झाला पाह्य याचा."

हेमराज पाहून गेला. दिव्यानी पाहून गेली. दुपारपर्यंत शेजारच्या चार बायका काही ना काही मागायला येऊन पाहून गेल्या. "बाई," हेमराज तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मी रात्रीच अस्थींच्या थैलीत टाकून ठेवतो. चारचौघांत कशाले? मी गुपचूप सोडून देईन पाण्यात. तुले काही करा लागणार नाई."

"अजून तीन दिवस आहेत," जया म्हणाली.

"तुले भेव नाई वाटत?"

"वाटतं. पण वाळताना मध्ये असा पांढरा होतो, हेही वाचलंय."

हे खरं होतं. तिनं ते वाचलं होतं, आणि तरी वाचलेलं आणि समोर दिसणारं यांत बरंच अंतर होतं. मोतीबिंदू पिकल्यावर बापाचे डोळे असेच दिसायचे. तिनं स्वतःला बजावलं की त्या डोळ्यांनाही नंतर रंग दिसले होते.

आठव्या दिवशी दुपारी घर निवांत होतं. सुगंधाबाई राखणीवरच बसल्या बसल्या पेंगत होती. हेमराज दसव्याच्या सामानासाठी चामोर्शीला गेला होता. जया देवळीपाशी उभी राहून डबी उन्हाच्या तिरिपेपासून जरा आत सरकवत होती, तेव्हा मागून आवाज आला.

"तांदळात टाक."

गोकुळाबाई आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पाच दिवसांत ती जयाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"काय, माय?"

"तांदळात टाक म्हटलं. कापसानं काय होते? तुहा बाप तांदळातच ठेवे."

जयानं डबी उचलली. "बाबा अंगठी तांदळात ठेवायचे?"

"तलावावर जायच्या आंधी काढे अन् तांदळाच्या कोठीत खुपसून जाये. मले एक दिवस माप भरताना सापडली. म्या म्हटलं, चोराचं भेव आहे त पेटीत ठेवा, खायच्या तांदळात काऊन? त हासला. म्हणे, गोकुळा, पह्यल्या दिवशी मी हे घेऊन पाण्यात उतरलो, त विझून गेली. जयाले सांगू नको, पोट्टीनं हौसेनं देल्ली. म्या मोबाइलसारखी तांदळात ठेवून पाह्यली, त चौथ्या रोजी पेटली."

जया खाली बसली. गावात कुणाचा मोबाइल तलावात पडला की पुसून तांदळात पुरतात, दोन दिवस काढत नाहीत. संस्थेतल्या अठराही जणांचे फोन कधी ना कधी कुणाच्या तरी कोठीतून जाऊन आले होते. तिच्या बापानं, ज्याला सहीपुरतं लिहिता येत होतं, पाणी पिणाऱ्या ओपलची सगळी विद्या उन्हाळ्यातच शिकून घेतली होती, आणि लेकीला वाईट वाटू नये म्हणून तिला सांगितली नव्हती. तिला हसू फुटलं. त्याच हसण्यात डोळे भरले, आणि ते तिनं वाहू दिले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

गोकुळाबाई उंबऱ्यावर टेकली.

थोड्या वेळानं जयाला प्रश्न सुचला, आणि सुचताच तो विचारू नये असं तिला वाटलं. पण तिनं विचारला. "मग शेवटच्या आठवड्यात का नाही काढली? शिंगाड्याला आठ दिवस बोटातच होती."

"निघेच नाई ना. बोट सुजलं होतं."

"आधीपासून?"

"आंधीपासून. पायही."

देवळीखाली सुगंधाबाईनं डोळे उघडले होते. अंगणात कोंबडी दाणे टिपत होती.

जया म्हणाली, "त्यांनी मला फोन केला होता, माय. जायच्या पाच दिवस आधी. म्हणाले, जया, अंगठी निघून नाही राह्यली. माझी पुस्तकांची मोजणी चालू होती. मी म्हटलं, साबण लावा बाबा, अन् ठेवून दिला." पुढचं वाक्य तिनं शब्द मोजून उच्चारलं. "बोट का सुजलं, हे मी विचारलं नाही. हात-पाय सुजतात ते हृदय थकल्यावरही सुजतात, हे मला माहीत होतं. मी ते कुठेतरी वाचलेलं होतं."

गोकुळाबाईनं आपल्या पावलांकडे पाहिलं.

"मले पाय दिसत होते त्याचे," ती म्हणाली. "रोजच्या रोज दिसत होते. म्या म्हटलं, दिवसभर गार पाण्यात राह्यते, सुजले असन. संध्याकायी मोहाच्या तेलानं चोळून देत होती." मग तिनं कोठीकडे बोट दाखवलं. "तांदळात टाक. अन् मले पाणी दे."

जयानं पाणी दिलं. गोकुळाबाईनं पेला तोंडाला लावला आणि रिकामा करून परत दिला. सुगंधाबाईनं ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून कूस बदलली.

नवव्या दिवशी जयानं तांदळात हात घातला नाही. बापानं चार दिवस दिले होते. पाण्यातून काढल्यापासूनचा चौथा दिवस आज भरणार होता. मध्ये एकदा सुगंधाबाईच कोठीपाशी जाऊन उभी राहिलेली दिसली. "मी काई हात नाई लावला," ती म्हणाली. "आवाज येते का पाहून राह्यली होती."

दसव्याला पहाट फुटल्यावर जयानं कोठी उघडली, ओंजळभर तांदूळ सुपात काढले आणि बोटांनी पसरले. अंगठी वर आली. चांदीत पांढरा खडा. तिनं सूप दाराच्या उजेडाकडे वळवलं. एका कडेला, नखाएवढ्या जागेत, हिरवं उठलं. मग तांबडं. मधला भाग अजून दुधी होता. पण रंग होता, आणि सूप हलवलं की तो जागा बदलत होता.

"आत्या," तिनं हाक मारली.

सुगंधाबाई आली. वाकून पाहिलं. डोळे चोळून पाहिलं. मग तिनं सुपात हात घालून खडा नखानं टोकरला आणि अंगठी उलटी करून चांदीवरचा ओरखडा तपासला. शिंगाड्याच्या काट्यानं पडलेला, तिला ठाऊक असलेला.

"थेच आहे," ती म्हणाली, आणि सुपापुढे बसली. "बाप्पा! म्याच पाच दिवस बुडवून ठेवली."

मार्कंड्याला पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. देवळांच्या मागून घाटाच्या पायऱ्या उतरल्या की वैनगंगा दिसते, रुंद आणि संथ. घाटावर भैयाजी आधीच हजर होते; मनसाराम त्यांचा लहानपणचा सोबती होता. हेमराजनं डोकं भादरून घेतलं. विधी चालू झाला. अस्थींचं गाठोडं सोडायची वेळ झाली तेव्हा भटजींनी विचारलं, "आणखी काही सोडायचं आहे?"

हेमराजनं सुगंधाबाईकडे पाहिलं. सुगंधाबाईनं जयाकडे. जयानं मुठीतली अंगठी काढून आईच्या तळहातावर ठेवली.

गोकुळाबाईनं हात उन्हात धरला. वाटेत दोन तासांत मधला दुधीपणाही बराच विरला होता. तळहातावर खड्यातला रंग असा हलला, जणू आतून कुणी कूस बदलली. भैयाजी पुढे झाले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली.

"शुक्र मार्गी झाला," ते म्हणाले. "नऊ दिवस वक्री होता."

जयानं त्यांना तेवढं राहू दिलं.

"मंग? सोडू का माय?" हेमराजनं विचारलं.

"काऊन?" गोकुळाबाई म्हणाली. "पाण्यानं विझते म्हणून त्यानं जिंदगीत पह्यल्यांदा काही पाण्यापासून जपलं, अन् थेच त्याच्या मांगं पाण्यात टाकू?" तिनं जयाचा उजवा हात ओढला आणि अंगठी तिच्या बोटात सारली. मधल्या बोटात सैल झाली. अंगठ्यात बरोबर बसली. "घाल. पाण्यात जाताना काढत जाय."

हेमराज गाठोडं घेऊन पायऱ्या उतरला. मुलीनंही पाण्यात उतरून ओंजळ द्यायची होती. जया एक पायरी उतरली, थांबली आणि मागे आली. तिनं अंगठ्यातली अंगठी काढली. गोकुळाबाईनं पदर पुढे केला, पूजेच्या ताटातले मूठभर कोरडे तांदूळ त्यात घेतले, वर अंगठी ठेवली आणि घट्ट गाठ मारली.

जया मोकळ्या हातांनी नदीत उतरली. पाणी गार होतं. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. भावाच्या शेजारी उभं राहून तिनं ओंजळ भरली.